धांवतें दर्शन

पंढरपुरास रांगेंत तासन्‌तास उभें राहण्याचें बळ ज्यांना नसतें त्यांच्यासाठीं मुखदर्शनाची सोय आहे; आणि ज्यांना तेवढीहि सवड नसते ते दुरूनच कळसाला हात जोडून गांवीं परततात. भाविकाला कळसाचें दर्शनहि पुरतें, कारण विठ्ठल त्याच्या मनांत आधींच उभा असतो; डोळ्यांना केवळ खुणेची गरज असते. परंतु ज्याच्या मनांत आधींचें कांहींच नाहीं, जें पाहावयाचें तें ज्याला डोळ्यांनींच प्रथम पाहावयाचें आहे, त्यानें कळस पाहून परतावें आणि 'आमचें दर्शन झालें' म्हणून चारचौघांत सांगावें, याला काय म्हणावें? आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत परदेश पाहण्याची जी हौस वाढली आहे तिचें स्वरूप बहुतांशीं अशा कळसदर्शनाचें झालें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे; आणि तें कोणाचीहि भीड न धरतां येथें मांडण्याचा आमचा विचार आहे.

हौसेविषयीं आमची तक्रार नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. ज्या वर्गाच्या पणजोबांना समुद्र ओलांडल्यावर प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावें लागे, त्या वर्गांतील शिक्षक, बँकेंतील नोकरदार आणि निवृत्त इंजिनियर आज मुलानातवंडांसह युरोपांत जाऊं शकतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. तक्रार आहे ती पाहण्याच्या रीतीविषयीं. 'दहा दिवसांत सात देश' अशा थाटाचा एखादा कार्यक्रम घ्यावा, पहांटे मुलांना अर्धवट झोपेंत बसमध्यें चढवावें, दुपारपर्यंत एक शहर आणि रात्रीपर्यंत दुसरें 'करावें', आणि प्रत्येक ठिकाणीं पंधरा मिनिटें उतरून, पाठ त्या वास्तूकडे आणि तोंड मोबाईलकडे करून फोटो काढावा, हा तो क्रम. येथें 'करणें' हें क्रियापद आम्हीं बनविलेलें नाहीं. 'आम्ही पॅरिस केलें, रोम केलें' असें लोकच म्हणतात, आणि त्या एका शब्दांत या रीतीचें सगळें मर्म आलें आहे. ही पाहणी नव्हे, मोजणी आहे.

सर्वसाधारण उपदेश हवेंत विरून जातो. म्हणून आम्ही एकच शहर आणि त्यांतील एकच दिवस घेऊन बोलणार आहों. तें शहर म्हणजे फ्रान्समधील ल्यों. पॅरिसहून तेथें जाण्यास वेगवान आगगाडीनें सुमारें दोन तास लागतात. ही गाडी 1981 सालापासून धांवत आहे. रोन आणि सोन या दोन नद्या येथें मिळतात, आणि त्या संगमाच्या वरच्या अंगास दोन टेंकड्या आहेत. एकीचें नांव फूर्व्हिएर, दुसरीचें क्र्वा-रूस. पहिलीला तेथील लोक 'प्रार्थना करणारी टेंकडी' म्हणतात आणि दुसरीला 'काम करणारी टेंकडी'. आमचे प्रवासी पॅरिसहून स्वित्झर्लंडकडे जातांना या शहराला बहुधा वळसा घालतात. आणि ज्यांची बस चुकून येथें थांबते त्यांना फक्त प्रार्थना करणारी टेंकडी दाखविली जाते. बस वर चढते, मंडळी सज्जावर उभी राहतात, खालीं पसरलेल्या लाल कौलांचा फोटो निघतो, आणि ल्यों 'झालें'! काम करणारी टेंकडी समोर उभी असते. पण तिकडे बोट दाखवून 'तेथें काय आहे?' असें विचारण्याइतका वेळ कोणापाशींच नसतो.

या दोन टेंकड्यांतील फरक हाच आमच्या वादाचा मुख्य मुद्दा होय. फूर्व्हिएरचें भव्य देवालय 1870 च्या युद्धांत शहर वांचावें म्हणून केलेल्या नवसाचें आहे. 1872 मध्यें त्याचें काम सुरू झालें. त्याचे चार मनोरे पाहून ल्योंकर त्याला थट्टेनें 'उताणा पडलेला हत्ती' म्हणतात. आमच्या मुलांना ही उपमा कोणी सांगेल तर तीं देवालय जन्मांत विसरणार नाहींत. पण तेवढ्यानेंहि टेंकडी संपत नाहीं. त्याच चढावर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीचें रोमन नाट्यगृह आहे, आणि शेजारच्या संग्रहालयांत कांशाचा एक मोठा पत्रा आहे. रोमचा बादशहा क्लॉडियस याचा जन्म याच शहरांतला. गॉल प्रांतांतील पुढाऱ्यांना रोमच्या सिनेटमध्यें बसूं द्यावें, असें भाषण त्यानें इ. स. 48 मध्यें केलें, तें या पत्र्यावर कोरलेलें आहे. जिंकलेल्या मुलखांतील माणसाला राज्यकारभारांत जागा असावी कीं नाहीं, हा प्रश्न ज्या देशानें दीडशें वर्षें इंग्रजांना विचारला त्या देशांतील कुटुंबानें या पत्र्यापुढें दहा मिनिटें उभें राहूं नये काय? परंतु बसच्या कार्यक्रमांत पत्र्याला स्थान नसतें, कारण पत्रा फोटोंत चांगला दिसत नाहीं.

आतां काम करणारी टेंकडी पाहूं. क्र्वा-रूसच्या उतारावरील घरें बाहेरून अगदीं साधीं दिसतात. फक्त त्यांच्या खिडक्या आणि छतें वाजवीपेक्षां फार उंच आहेत. कारण विचारलें म्हणजे सगळा इतिहास हातीं लागतो. या घरांत रेशमाचे विणकर राहत आणि घरांतच माग चालवीत. त्यांना 'कान्यू' म्हणत. जोसेफ मारी जाकार या ल्योंच्याच गृहस्थानें 1804 च्या सुमारास मागावर बसविण्याचें जें यंत्र सिद्ध केलें, तें उभें करण्यासाठीं सुमारें चार मीटर उंचीची खोली लागे. म्हणून हीं छतें उंच. त्या यंत्रांत भोंकें पाडलेले पुठ्ठे एकामागून एक सरकतात. भोंक असेल तेथील धागा उचलला जातो, नसेल तेथील खालीं राहतो, आणि अशा रीतीनें वाटेल तितकी अवघड नक्षी आपोआप उमटते. तत्पूर्वीं हे धागे दोऱ्यांनीं ओढून धरण्याचें काम मागाशेजारीं उभ्या असलेल्या पोरांकडून करून घेत. पुढें 1839 मध्यें जाकारचीच तसबीर रेशमांत विणली गेली, आणि तिला सुमारें चोवीस हजार पुठ्ठे लागले. इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें ती तसबीर आपल्या संग्रहीं ठेविली होती. आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्याची युक्ति त्यानें या पुठ्ठ्यांवरूनच घेतली. ज्या घरांतील मुलगा संगणकाच्या नोकरीवर पोसला गेला आहे, आणि ज्या घरच्या कपाटांत आजीचा भरजरी शालू घडी करून ठेवलेला आहे, त्या घराला या टेंकडीवर पाहण्यासारखें कांहीं नाहीं, असें कोणत्या तोंडानें म्हणतां येईल?

आणि पाहण्यासारखें केवळ यंत्रच नाहीं. विणकर आपल्या घरीं, आपल्या मागावर विणी. परंतु रेशीम व्यापाऱ्याचें, आणि मजुरीचा दरहि व्यापारीच ठरवी. 1831 मध्यें विणकरांनीं किमान दर ठरवून मागितला. तो ठरलाहि, पण अनेक व्यापाऱ्यांनीं पाळला नाहीं. तेव्हां नोव्हेंबरमध्यें हे लोक टेंकडी उतरून खालीं आले आणि कांहीं दिवस सारें शहर त्यांच्या ताब्यांत राहिलें. काम करून जगूं, नाहीं तर लढून मरूं, अशा अर्थाचें वाक्य त्यांच्या काळ्या निशाणावर होतें. पुढें फौज आली आणि ठरलेला दर रद्द झाला. 1834 च्या एप्रिलमध्यें दुसरा उठाव झाला, त्यांत शेंकडों माणसें मेलीं. ज्या हातांनीं राजेरजवाड्यांचीं दालनें मढविण्याचें वस्त्र विणलें त्या हातांना दोन वेळच्या भाकरीसाठीं असें भांडावें लागलें. सुंदर वस्तूपाठीमागें कोणाचे तरी हात असतात आणि त्या हातांच्या मोबदल्याचा प्रश्न असतो, हें मुलांना शाळेंतील पुस्तकांतून सांगून पटत नाहीं. येथें विणकरांच्या संग्रहालयांत माग प्रत्यक्ष चालवून दाखवितात. त्याच्या आवाजाची नक्कल करून ल्योंकरांनीं मागाला 'बिस्तांक्लाक' असें नांवच पाडलें आहे. तो आवाज एकदां कानांवर पडला कीं पटवून देण्याची गरज उरत नाहीं.

टेंकडीवरून खालीं उतरण्याची वाटहि सामान्य नाहीं. घराच्या दारांतून शिरावें, बोळ, चौक, जिना असें करीत पलीकडच्या रस्त्यावर निघावें, अशा आंतून जाणाऱ्या वाटा या शहरांत पुष्कळ आहेत. त्यांना 'त्राबूल' म्हणतात. रेशमाचे तागे पावसांत न भिजतां खालीं नेण्यास त्यांचा उपयोग होई. आणि दुसऱ्या महायुद्धांत जर्मन अंमलाशीं गुप्तपणें झुंजणाऱ्यांनाहि त्या उपयोगी पडल्या. यांतील बऱ्याच वाटा आजहि राहत्या घरांतून जातात. घरमालकांनीं नगरपालिकेशीं करार करून दिवसां दारें उघडीं ठेवण्याचें मान्य केलें आहे. येणाऱ्यानें मात्र आवाज न करतां जावें, एवढीच अपेक्षा असते. अशा वाटेनें मुलांना घेऊन जाणें म्हणजे परक्याच्या घरांत पाहुणा म्हणून कसें वागावें याचा धडाच होय. पन्नास माणसांचा जथा ध्वनिवर्धकासह या बोळांतून नेणें असभ्यपणाचें आहे. पण चारपांच माणसांचें कुटुंब मुकाट्यानें गेलें तर कोणाचीहि झोंप मोडत नाहीं.

सोन नदीच्या पलीकडे, फूर्व्हिएरच्या पायथ्याशीं, जुनें ल्यों आहे. आज तेथील पुरातन घरें पाहण्यास जगभरचे लोक येतात, आणि 1998 पासून त्या भागाची गणना जागतिक वारशांत होते. परंतु एके काळीं या वस्तीला गलिच्छ म्हणून नाक मुरडीत, आणि तिच्यांतून मोठा रस्ता काढण्याची योजना नगराध्यक्षांच्या टेबलावर होती. नागरिकांच्या एका संस्थेनें ती हाणून पाडली; 1962 मध्यें आंद्रे माल्रो या मंत्र्याच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला आणि 1964 मध्यें त्याखालीं संरक्षण मिळालेली पहिली वस्ती हीच. पुण्याच्या पेठांतील वाडे एकामागून एक पाडले जात असतां जे आपण निमूटपणें पाहत बसलों, त्या आपल्याला हा प्रसंग माहीत असावयास नको काय? तेथील घरांचा फोटो घरीं आणण्यापेक्षां ती कथा घरीं आणणें अधिक उपयोगाचें, असें आम्हांला वाटतें.

आतां आमच्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप पैशाचा. 'आयुष्याची पुंजी खर्चून एकदांच जावयाचें. मग जितकें अधिक पाहून होईल तितकें बरें', असें म्हणतात. हा हिशेब वरवर बिनतोड दिसतो, पण त्यांत गृहीत धरलेली गोष्टच खोटी आहे. सात देशांतून बस नेल्यानें सात देश पाहून होत नाहींत. पाहून होतो तो हमरस्ता, आणि तो सर्वत्र सारखाच असतो. जेवणाऱ्यानें पंचवीस पदार्थांचा नुसता वास घेऊन उठावें आणि 'पंगत सार्थकीं लागली' म्हणावें, तशांतला हा प्रकार आहे. पैसा कष्टाचा आहे म्हणूनच तो थोड्या ठिकाणीं आणि पुरतेपणीं खर्चावा, असें आमचें म्हणणें. श्रीमंतानें उधळपट्टी केली तर ती त्याला शोभते. मध्यमवर्गाला ती परवडत नाहीं.

दुसरा आक्षेप वृद्धांचा. 'आजी-आजोबांना पायीं कसें नेणार? त्यांना बसच सोयीची.' या आक्षेपांत खरी काळजी आहे, आणि तिला उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. पण ल्योंची रचनाच अशी आहे कीं चढण माणसाला चढावी लागत नाहीं. क्र्वा-रूसवर दांतेरी रुळांची मेट्रो जाते. फूर्व्हिएरवर दोराच्या ओढीनें चालणारी गाडी जाते. ज्यांचे गुडघे उतारहि सोसत नाहींत त्यांनीं त्याच मेट्रोनें खालीं येऊन तेरो चौकांत बार्तोल्दीच्या कारंज्यापाशीं बसावें. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ज्यानें घडविला त्याच शिल्पकाराचें हें कारंजें आहे. मुलें बोळांतून उतरून तेथें येतील आणि काय पाहिलें तें आजीला सांगतील. आजीला सांगण्यासाठीं पाहणें, यासारखें पाहण्याचें दुसरें शिक्षण नाहीं. उलट, वृद्धांच्या सोयीचें नांव करून त्यांना दिवसाचे आठ तास बसमध्यें बसवून ठेवणें, ही सोय कोणाची?

तिसरा आक्षेप मुलांचा: 'त्यांना इतिहासांत काय कळतें? त्यांना करमणूक हवी.' मुलांना इतिहास कळत नाहीं हें खरें. पण त्यांना भोंकें पाडलेला पुठ्ठा कळतो, गुप्त वाट कळते, उताणा हत्ती कळतो, आणि आपल्याच वयाचें पोर दिवसभर दोऱ्या ओढीत उभें असे हें तर फारच चांगलें कळतें. आणि शुद्ध करमणुकीचीच गोष्ट काढाल तर 1857 पासूनचें तेत-दॉर उद्यान तेथें आहे. आंत तळें आहे, प्राणिसंग्रह आहे, आणि प्रवेशाला दाम पडत नाहीं. दुपारचे दोन तास मुलांना तेथें मोकळें सोडण्यास आमची कांहींच हरकत नाहीं. हरकत आहे ती मुलांच्या बुद्धीला आधींच कमी लेखून त्यांना फोटोच्या चौकटींतील फुलदाणी बनविण्याला.

चौथा आक्षेप जेवणाचा, आणि तो घरोघरीं ऐकूं येतो. ल्योंचीं प्रसिद्ध खाणावळघरें मांसाचीं, त्यांतहि आंतड्याकाळजाच्या पदार्थांचीं, हें खरें आहे; शाकाहारी कुटुंबाला तेथें अडचण पडेल. पण त्यावर उपाय म्हणून परदेशांत रोज मुंबईच्या धर्तीची पावभाजी पुरविण्याची हमी घेणें, आणि घरच्या गृहिणीनें आदल्या रात्रीपासून ठेपले मोजीत बसणें, हे दोन्ही मार्ग आम्हांला पसंत नाहींत. याच शहरांत आपल्या चक्क्याच्या जातीचें ताजें चीज घुसळून, त्यांत हिरवा पाला, बारीक कांदा, मीठ, मिरीं, तेल नि शिरका घालून एक पदार्थ करतात; पावाबरोबर तो उत्तम लागतो. त्याचें नांव 'विणकराचा मेंदू'! गरीब विणकराची केलेली ही थट्टा तोंडीं लावूनच त्याच्या टेंकडीची गोष्ट मुलांना सांगतां येते. आणि सहल सर्व कुटुंबाची असेल तर आईलाहि त्या दिवशीं खुर्चीवर बसून, दुसऱ्यानें वाढलेलें जेवण मिळालें पाहिजे. जिच्या खांद्यावर दिवसभर खाण्याची पिशवी आणि सर्वांच्या छत्र्या असतात तिनें काय पाहिलें, याची चौकशी घरीं परतल्यावर कोणी करतो काय?

आमची सूचना साधी आहे. एका दिवशीं एक शहर, आणि त्यांतहि एकच धागा. सकाळीं मेट्रोनें क्र्वा-रूसवर जावें, माग पाहावा, बोळांतून खालीं उतरावें, बसून जेवावें, दुपारीं नदी ओलांडून जुन्या ल्योंमधून सावकाश फिरावें, आणि दिवस कलतांना फूर्व्हिएरवर चढावें. बस ज्या सज्जापासून आरंभ करते तेथें शेवटीं जावें, एवढाच हा फरक. परंतु या फरकांत सर्व कांहीं आहे. सकाळीं तेथून जीं केवळ लाल कौलें दिसलीं असतीं, तींच संध्याकाळीं ओळखीचीं झालेलीं असतात. डावीकडे ती विणकरांची टेंकडी, मधें तो कारंज्याचा चौक, पायाशीं ती दारें ज्यांतून आपण चोरपावलांनीं गेलों. आधीं पायांनीं चालावें आणि मग डोळ्यांनीं पाहावें. वारकऱ्यालाहि कळस दिसतो तो वाट चालून झाल्यावरच.

'यांत अमुक राहिलें, तमुक राहिलें' असें कोणी म्हणेल. राहिलें खरेंच. ल्युमिएर बंधूंचा कारखाना राहिला. 1895 मध्यें त्याच्या फाटकांतून कामगार बाहेर पडत असतां त्यांचें चलच्चित्र घेतलें गेलें, आणि त्या रस्त्याला आज 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' असेंच नांव आहे. त्या बंधूंच्या यंत्राचा खेळ 7 जुलै 1896 रोजीं मुंबईस वॉटसन हॉटेलांत झाला. 1899 मध्यें हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं मुंबईंतील कुस्तीचें चित्रण केलें. आणि 1913 मध्यें दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. मराठी माणसाचें या शहराशीं एवढें जवळचें नातें आहे. तरी पहिल्या दिवशीं तें फाटक राहिलें तर आम्ही हळहळणार नाहीं. कांहीं राहिलें याचाच अर्थ तें आहे हें कळलें. धांवत्या दर्शनांत कांहींच राहत नाहीं, कारण काय राहिलें हेंच कोणाला ठाऊक नसतें.

परत आलेल्या कुटुंबाची परीक्षा घेण्याची आमची कसोटी अगदीं अल्प आहे. किती देश झाले, हें विचारूं नये. घरांतील सर्वांत लहान मुलाला जवळ घ्यावें आणि त्याच्याकडून एखाद्या शहराची, तेथील माणसें काय करीत आणि कशासाठीं भांडलीं याची, एक गोष्ट ऐकवून घ्यावी. त्याला ती सांगतां आली तर आईबापांचा पैसा सत्कारणीं लागला. नाहीं सांगतां आली, तर तिकिटाचे, बसचे आणि हॉटेलचे सर्व पैसे देऊन त्या कुटुंबानें कळसच पाहिला. आणि तो तर मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकांतहि छापलेला होता.